छाती तपासण्याआधी हवा तपासा

21 नोव्हेंबर 2025 ला चार श्रम संहिता लागू झाल्या, आणि तेव्हापासून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या चहाच्या गाड्यांवर एक वाद पुन्हा पुन्हा कानावर पडतोय. चाळिशी ओलांडलेल्या कामगाराची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी मालकानं करून द्यायची, असं नव्या व्यवस्थेत आहे. मालक मंडळींचं म्हणणं असं, की खर्च आम्ही करणार, मग कामगारानं निमूट तपासून घ्यायला काय हरकत? कामगार म्हणतात, तपासणी हा माणूस काढायचा नवा बहाणा आहे, उद्या शुगर वाढली म्हणून घरी बसवतील. सगळं भांडण सक्ती असावी की नसावी एवढ्याभोवती फिरतं. मला हा वाद मुळातच चुकीच्या टोकाकडून धरलेला वाटतो. तपासणी सक्तीची हवीच, पण ती सक्ती मालकावर हवी. कुणाची आणि कसली तपासणी, हे माणसाच्या वयावरून ठरू नये, तो करतो त्या कामावरून ठरावं. आणि तपासणीचा कागद कामगाराच्या हातात पडावा. मालकाला कळायला हवं ते एवढंच, की हा माणूस हे काम करू शकतो का, आणि आपल्या कुठल्या खात्यात किती माणसं आजारी पडतायत.

हे मी लांबून बघून लिहीत नाही. आमचं घर मजगावात, उद्यमबागेच्या कुशीत. माझे मामा एकोणीस वर्षं एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, फेटलिंगला होते. साच्यातून कास्टिंग बाहेर निघालं की त्याला चिकटलेली वाळू झाडायची, कडा ग्राइंडरवर घासून साफ करायच्या, हे ते काम. शेडच्या पत्र्यातल्या भोकातून ऊन आत आलं की त्या तिरपीत धूळ नाचताना दिसायची. मामा तोंडाला रुमाल बांधायचे आणि संध्याकाळी तो झटकून दोरीवर टाकायचे. दिसणारी धूळ त्या रुमालात अडकायची. फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसते ती वाळूतल्या सिलिकाची धूळ इतकी बारीक असते, की ना ती डोळ्यांना दिसते, ना रुमालाला थांबते.

त्यांच्या कारखान्यात दरवर्षी शिबिर व्हायचं. आवारात मांडव, एक वजनकाटा, रक्तदाब मोजायचा पट्टा, बोटाला टोचून साखर बघायची, मग केळं आणि बिस्किटाचा पुडा. दुपारच्या सुट्टीच्या आत सगळा कारखाना तपासून मोकळा. मामांच्या कागदावर प्रत्येक वर्षी एकच शिक्का बसला: फिट. त्याच काळात त्यांचा खोकला जात नव्हता म्हणून गावातल्या दवाखान्यात टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स दोनदा झाला. शेवटी मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "काम काय करता तुम्ही?" मामा म्हणाले, "फाउंड्रीत हाय, फेटलिंगला." एकोणीस वर्षांत हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा विचारला गेला. सिलिकोसिस होता, त्याच धुळीचा आजार. त्यावर औषध नाही, फुफ्फुसावर पडलेले व्रण पुसले जात नाहीत. वेळेत कळलं तर माणसाला धुळीतून बाहेर काढून पुढचं नुकसान कमी करता येतं, एवढाच उपाय. ती वेळ शिबिराच्या मांडवात निघून गेली होती. मामा गेले तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठलेली नव्हती.

म्हणून तपासणीच नको म्हणणाऱ्या कामगार बांधवांशी मी सहमत होऊ शकत नाही. आणि तपासणी झाली की जबाबदारी संपली असं मानणाऱ्या मालकांशी तर मुळीच नाही.

आता मालकांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. कामगाराचं शरीर हे प्रत्येक वेळी त्याच्या एकट्याचं प्रकरण नसतं. चौदाशे अंशांच्या आसपास तापलेलं लोखंड लॅडलमध्ये, म्हणजे मोठ्या पळीत, घेऊन दोघं चालतात आणि त्यातल्या एकाला फिट येते, तेव्हा होरपळतो दुसरा. क्रेन चालवणाऱ्याला लांबचं दिसत नसेल, साखर कारखान्याच्या बॉयलरवरच्या माणसाला चक्कर येत असेल, तर आजूबाजूच्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. इथं 'माझी मर्जी' हे उत्तर चालणार नाही. अशा जागेवरच्या माणसानं तपासून घेतलंच पाहिजे, आणि नसेल घ्यायचं तर ती जागा सोडली पाहिजे. हे मला पूर्ण मान्य आहे. पण या युक्तिवादातून सिद्ध काय होतं? क्रेनवाल्याचे डोळे तपासावेत, हे. कॅन्टीनमध्ये ताटं घासणाऱ्या बाईंना पाळीची तारीख विचारावी, हे त्यातून सिद्ध होत नाही. मोठ्या धोक्याचं उदाहरण द्यायचं आणि त्याच्या आडून सरसकट सगळ्यांचं सगळं तपासायचं, ही चलाखी आहे. पाळीचं उदाहरण मी हवेतून काढलेलं नाही. आयुर्विमा महामंडळानं नोकरीच्या अर्जात बायकांना पाळीबद्दल आणि गर्भारपणाबद्दल प्रश्न विचारले होते. माहिती लपवली म्हणून नीरा माथुर यांना काढून टाकलं, आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत कामावर घ्यायला लावलं. ते प्रश्न अर्जातून काढून टाका, असंही न्यायालयानं सुनावलं. सरकारी महामंडळ हे करत असेल, तर बारा माणसांच्या शेडमध्ये काय होत असेल?

दुसरा मुद्दा भल्या मनानं मांडला जातो. लोक स्वतःहून दवाखान्यात जात नाहीत. रक्तदाब, साखर शांतपणे वाढत राहते आणि एक दिवस माणूस आडवा होतो. मालकानं जोर लावला म्हणून तरी कळतं, मग त्यात वाईट काय? मुद्दा खरा आहे. आमच्या गल्लीतल्या दोघांची साखर अशाच शिबिरात पहिल्यांदा उघडकीला आली. पण त्यातल्या एकाचा आकडा सुपरवायझरनं हजेरीच्या रांगेत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला, आणि पुढच्या वर्षी त्या खात्यातल्या निम्म्या लोकांनी शिबिराच्या दिवशी रजा टाकली. काही जण तेवढ्या सकाळपुरती रक्तदाबाची गोळी घेऊन येतात, हेही मी पाहिलंय. आपण याला अडाणीपणा म्हणतो. मला त्यात सरळ हिशोब दिसतो. कंत्राटदाराच्या वहीवर असलेल्या माणसाला काढून टाकायचं पत्रसुद्धा द्यावं लागत नाही, सोमवारी बोलवायचं नाही एवढंच. ज्याला आजार कळल्यामुळे रोजी जाण्याची भीती आहे, तो आजार लपवणारच. भीती तशीच ठेवून तपासणी सक्तीची केली, की तपासणी खोटी होते.

ही गोष्ट आपल्याकडे एकदा घडून गेली आहे. 1897 साली पुण्यात प्लेग आला तेव्हा रोगी हुडकून वेगळे ठेवणं शास्त्राच्या दृष्टीनं चुकीचं नव्हतं. पण रँडच्या अमलाखाली गोरे सोजीर घराघरांत घुसले, बायकांची तपासणी झाली, सामान रस्त्यावर आलं. परिणाम काय झाला? लोकांनी रोगी माळ्यावर लपवले, गावं सोडून पळाले, आणि रोग त्यांच्याबरोबर गेला. बेळगावलाही त्या प्लेगनं झोडपलं. त्याच साली, त्याच पुण्याच्या बाहेर, सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोगी आणले जात होते. रोगी पाठीवर घेऊन येणाऱ्या सावित्रीबाईंना स्वतःला प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. दोन्हीकडे प्लेगची गाठच बघितली जात होती. एकीकडून लोक पळत होते, दुसरीकडे माणसं विश्वासानं आणली जात होती. फरक पडत होता तो एवढ्यानं, की गाठ सापडल्यावर पुढे आपलं काय होणार. शंभराहून अधिक वर्षांनी फाउंड्रीतल्या माणसाच्या मनात तोच प्रश्न आहे.

त्या प्रश्नाला कायद्यानं काही उत्तरं दिलेली आहेत, आणि आपल्या वादात ती कुणीच काढत नाही. 1984 ला भोपाळ झालं, त्यानंतर 1987 मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं नवं प्रकरण आलं. धोकादायक उद्योगांच्या यादीत फाउंड्री नावानिशी आहे. अशा ठिकाणी कामाला लावण्याआधी तपासणी, काम चालू असताना बारा महिन्यांच्या आत पुन्हा तपासणी, आणि ते काम सोडल्यावरही तपासणी, अशी जबाबदारी मालकावर टाकली गेली. कामगाराला स्वतःची आरोग्याची नोंद बघायला मिळाली पाहिजे, हेही तिथंच लिहिलं होतं. नव्या चारपैकी सुरक्षा-आरोग्याच्या संहितेनं ही तरतूद उचलून घेतली आहे. 1995 मध्ये अॅस्बेस्टॉसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि त्या उद्योगाला सांगितलं, की कामगाराची आरोग्याची नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून 40 वर्षं किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर जपून ठेवा. इतकी वर्षं का? कारण असे आजार नोकरी संपल्यावर डोकं वर काढतात. एचआयव्हीच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयानं 1997 मध्येच सांगून टाकलं, की माणूस काम करायला धडधाकट असेल तर केवळ तपासणीचा कागद दाखवून त्याची रोजी हिरावता येणार नाही. 2017 च्या कायद्यानं नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अटच बेकायदा केली. बेळगाव-बागलकोटच्या पट्ट्यानं एचआयव्हीचा काळ जवळून पाहिलाय. कळल्यावर लोक कसे वागतात, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही.

मग कायदा असूनही मामांच्या छातीचा एक्स-रे कारखान्याच्या तपासणीत एकोणीस वर्षांत एकदाही का निघाला नाही? माझं उत्तर कडू वाटेल, पण विचार करून देतोय. रक्तदाब आणि साखर हे कामगाराचे आजार आहेत. ते त्याच्या खाण्यावर, त्याच्या तंबाखूवर, त्याच्या आईबापांवर ढकलता येतात. सिलिकोसिस हा कारखान्याचा आजार आहे. तो एकाच्या एक्स-रेमध्ये दिसला की कायद्यानं कळवावा लागतो, भरपाईचा प्रश्न उभा राहतो, इन्स्पेक्टर शेडमध्ये येऊन धूळ मोजायला लागतो. म्हणून मांडवात वजनकाटा असतो, पण फुंकून दम मोजायचं स्पायरोमीटर नसतं. ज्या तपासणीतून मालकावर काहीच बोट उठणार नाही, तीच तपासणी होते. ढोबळ मानानं सांगायचं तर आपण माणसाला तपासतोय आणि हवेला मोकळं सोडतोय. एकाच खात्यातल्या पाच जणांचा दम कमी भरला, तर बिघाड पाच छात्यांमध्ये शोधायचा की त्या खात्याच्या धूळ ओढणाऱ्या पंख्यात?

ऊसतोडीत आपण हे फार भयंकर रूपात बघितलं. चिकोडी, संकेश्वर, अथणीकडच्या कारखान्यांच्या फडावर बीडकडच्या टोळ्या येतात. 2019 मध्ये महाराष्ट्र सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यात सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यात 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीमुळे खाडा होतो, खाड्याचा दंड कोयत्याच्या, म्हणजे तोडणाऱ्या जोडप्याच्या, आगाऊ उचलीत धरला जातो, मग पिशवीच काढून टाका. काम माणसाला झेपेल असं करायचं सोडून माणसाचं शरीरच कापून कामाला बसवलं गेलं. आरोग्य तपासणीची दिशा एकदा उलटी झाली, की ती कुठपर्यंत जाते हे त्या बायकांच्या पोटावर लिहिलेलं आहे.

लहान कारखानदारांची अडचण मात्र मी झटकून टाकणार नाही. आमच्याकडे मच्छे, उद्यमबाग, ऑटोनगरात दहा-पंधरा माणसांवर जॉबवर्क करणारे कितीतरी जण आहेत. त्यातले बरेच जण स्वतः कधीकाळी ग्राइंडरवर उभे राहिलेले. भाव ठरवणार पुण्याची मोठी कंपनी, पैसे नव्वद दिवसांनी, आणि वर एक्स-रे, ऑडिओमेट्री म्हणजे कानांची तपासणी, डॉक्टर यांचा खर्च. ते म्हणतात, "आम्ही कुठून आणायचं वो?" रास्त आहे. पण कामगार विम्यापोटी पगाराच्या हिशोबानं मालकाचे 3.25 टक्के आणि कामगाराचे 0.75 टक्के दर महिन्याला आधीच कापले जातात. हा पैसा आजारी पडल्यावरच का वापरायचा? वसाहतीत मिळून एक व्यवसायजन्य आजारांचं केंद्र उभं राहू शकतं. तिथं डॉक्टर कुठल्याही एका मालकाचा नोकर नसेल, आणि अहवाल एकाच्या टेबलावरून दुसऱ्याकडे फिरणार नाही. कास्टिंगची क्वालिटी तपासायला मिळून प्रयोगशाळा लागते हे आपल्या उद्योजकांना फार पूर्वी पटलंय. कास्टिंग ओतणाऱ्याच्या छातीसाठी तेच पटायला काय अडचण आहे?

यापेक्षा मोठी अडचण त्यांची, ज्यांना मालकच सापडत नाही. निपाणीच्या वखारींमध्ये तंबाखू चाळणाऱ्या बायका पदर नाकाला घट्ट गुंडाळून बसतात, तरी खकाणा घशात उतरतोच. घरी विडी वळणारीचा मालक कोण? पान-तंबाखू देऊन जाणारा, की ज्याचं लेबल बंडलावर लागतं तो? वडगाव, खासबाग, शहापूरच्या घराघरांतल्या मागांवर आयुष्य काढलेले विणकर बोलताना आपसूक मोठ्यानं बोलतात, कारण कान केव्हाच गेलेले असतात. त्यांची ऑडिओमेट्री कुणी करायची? आणि नव्या संहितेत कारखान्याची व्याख्याच वर सरकली आहे. वीज वापरणाऱ्या ठिकाणी पूर्वी 10 कामगार लागायचे, आता 20. म्हणजे एका हातानं मोफत तपासणी दिली आणि दुसऱ्या हातानं अनेक शेड कारखाना या शब्दाच्याच बाहेर काढल्या. इथं ही सक्ती कुणी घ्यायची? मला वाटतं, घरच्या मागासाठी आणि विडीसाठी ती सरकारनंच अंगावर घेतली पाहिजे, तालुक्याच्या दवाखान्यातून. शिवाय रोज चंदगडहून येणारा आणि इथून शिनोळीला जाणारा कामगार आहेच. त्याची नोंद राज्याच्या हद्दीवर तुटता कामा नये. धूळ काही सीमा बघून फुफ्फुसात जात नाही.

एक गोष्ट आपल्याच माणसांना सांगायची आहे. मराठीतून परिपत्रकं मिळावीत, सातबारा मराठीत मिळावा यासाठी इथल्या मराठी माणसानं किती मोर्चे काढले, किती लाठ्या खाल्ल्या. मीही त्या मोर्च्यांत चाललोय आणि त्याचा मला अभिमान आहे. पण मामांनी एकोणीस वर्षं ज्या कागदावर सही केली तो इंग्रजीत होता, आणि तो मराठीत द्या असं आपल्यापैकी कुणीच कधी म्हटलं नाही. मीसुद्धा नाही. संमतीच्या कागदावर काय लिहिलंय हे ज्याला वाचता येत नाही त्याची सही ही संमती कशी? मराठीत द्या, कन्नडमध्ये द्या, आणि आता कामाला येणाऱ्या ओडिशा-बिहारच्या पोरांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. शेजारचा कन्नड कामगारही त्याच इंग्रजी कागदावर अंगठा उठवतो. या मागणीत आपल्या दोघांत भांडणाला जागाच नाही.

एवढं सगळं झालं तरी नव्या व्यवस्थेतलं चाळिशीचं कुंपण मला समजत नाही. रक्तदाबासाठी ते एक वेळ ठीक. पण सिलिका माणसाचं वय विचारत नाही, किती वर्षं आणि किती धूळ ओढली ते बघते. अठराव्या वर्षी ग्राइंडर धरणाऱ्याच्या छातीत चाळिशीपर्यंत बावीस वर्षं धूळ साचलेली असते. धोकादायक कामाची वेगळी तरतूद आहे खरी, पण व्यवहारात शिबिर लावणारा माणूस जी अट सोपी तीच धरणार. चाळिशीवरच्यांची यादी काढायची, मांडव घालायचा, शिक्का मारायचा. म्हणून कामगारांनी आणि संघटनांनी पुढच्या शिबिराला नाही म्हणू नये. आत जावं आणि मागावं: फेटलिंग, मोल्डिंग, शॉट ब्लास्टिंगच्या प्रत्येकाचा छातीचा एक्स-रे, तो व्यवसायजन्य आजार ओळखणाऱ्या डॉक्टरकडून वाचलेला, त्याची प्रत हातात, खात्यातली धूळ मोजल्याचा आकडा फलकावर, आणि दम कमी भरला तर त्याच पगारावर दुसरं काम, हे लेखी.

मामांच्या जागेवर आता ओडिशाचा एक मुलगा आहे. आमच्या गल्लीतच तिघांत मिळून खोली घेऊन राहतो. वय चोवीस. संध्याकाळी तोही रुमाल झटकून दोरीवर टाकतो. परवा त्याला विचारलं, तुझी तपासणी झाली का? तो म्हणाला, सुपरवायझरनं सांगितलंय, तुझं वय बसत नाही, अजून सोळा वर्षं आहेत.